कोपऱ्यातला पांढरा भात

इक्सान,
१८ ऑक्टोबर २०१९

प्रिय यांगसुक,

तू आणि मेहुणे बरे असाल असं धरून लिहितो. त्यांचा गुडघा थंडीत दुखतो, उल्सानला समुद्राचा वारा जास्त, तेव्हा त्यांना जपायला सांग. इथे कापणी संपली. घरामागच्या झाडाची पर्सिमनं या वर्षी कमी आली. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी एक पेटी काढून ठेवली आहे. पाठवायची की तू येऊन नेशील, हे ठरत नाही म्हणून ती तशीच पडून आहे.

फोन तीनदा केला होता. तू उचलला नाहीस त्याचं मला वाईट वाटलं नाही. बोलताना मला नीट सांगताही आलं नसतं.

मी मार्चमध्ये निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मुलांनी मला काय द्यावं? पाच किलो काळा तांदूळ, रिबीन बांधून. म्हणाले, सर, तुमच्याइतकं याच्या सालीला कुणी ओळखत नाही. मी हसलो आणि घेऊन आलो. पोतं अजून उघडलेलं नाही.

सात नोव्हेंबरला, गुरुवारी, तिथीप्रमाणे आईचं पहिलं वर्षश्राद्ध आहे. पूर्वीसारखं मध्यरात्री कुणी करत नाही, हल्ली सगळे संध्याकाळीच उरकतात, आपणही सहा वाजता करू. लहान काका येतील. त्यांच्यासमोर मला एक गोष्ट सांगायची आहे, पण आधी ती तुला कळायला हवी. म्हणून हे पत्र.

तुला माहीत आहे, आईची साखर वाढल्यावर तिच्या जेवणाची जबाबदारी मी घेतली. हातसडीचा तांदूळ, जव, काळा तांदूळ, थोडे घेवड्याचे दाणे. तिला ते मुळीच आवडायचं नाही. चमचा भातात फिरवत ती म्हणायची, "साहेब, हे कोंबड्यांना घालतात. कोंबड्या तरी अंडी देतात." किंवा शेजारच्या बाईंना सांगायची की माझ्या मुलाने सरकारी पगार खाऊन कोंडा शोधून काढला. पण साखर खाली आली. पहिल्या वर्षात एक गोळी बंद झाली. ते खोटं नव्हतं, यांगसुक. सालीतली ती तुरट द्रव्यं, काळ्या तांदळाचा तो रंग, कोंड्यातले तंतू यांनी साखर सावकाश चढते, रक्तवाहिन्यांना बरं असतं, हे मी एकोणतीस वर्षं वाचलं, मोजलं, शेतकऱ्यांच्या बैठकीत सांगितलं. आणि माझी आई त्याचा पुरावा होती. मी तिला तसं लोकांसमोर उभंही केलं. बैठकीत मागच्या बाकावर बसून ती पेंगायची.

मागच्या वर्षी जुलैमध्ये तिची मूत्रपिंडं थकल्याचं निदान झालं. तेवढं तुला फोनवर सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही.

त्या दिवशी इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला बसवून एक पिवळा कागद दिला. आता कोंड्याचं धान्य बंद, जव बंद, दाणे बंद. पांढरा भात द्या. कोंड्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस आता तिच्या शरीराबाहेर पडत नाही, ते रक्तात साठेल. साखरेचं औषधाने बघू. बाई माझ्या निम्म्या वयाच्या होत्या. मी कागद घडी करून घेतला आणि घरी येऊन कुकरच्या हमीपत्राबरोबर खणात ठेवला.

मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहितो. धान्यातलं फॉस्फरस फायटेट नावाच्या द्रव्यात बांधलेलं असतं आणि माणसाच्या पोटात ते फारसं सुटत नाही. हे बरोबर आहे, मी स्वतः मोजलेलं आहे. त्या बाईंना छापील कागदापलीकडे माहीत नाही, असं मी धरलं. पण आईचे दात गेले होते, म्हणून मी तांदूळ रोज भिजवून, मोड आणून मग शिजवत होतो. आणि मोड आले की ती बांधणी सुटते. धान्य ते आपल्या कोंबासाठीच मोकळं करतं. हेही मीच मोजलं होतं. माझ्या नावाचा तक्ता आहे त्यावर, प्रयोगशाळेच्या भिंतीवर अजून लावलेला. रोज सकाळी मी त्या मोडांवरचं पाणी बदलत होतो आणि हे मनात येऊ देत नव्हतो. पोटॅशियमचं तर माझ्याकडे काही उत्तरच नव्हतं.

सप्टेंबरात तू आलीस. टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा, अजून कोमट. पांढरा भात आणि भाजलेलं समुद्री शेवाळ. मी बाजारातून आलो तेव्हा डबा रिकामा होता आणि आई बोटं पुसत होती. महिनाभरात मी तिला इतकं समाधानी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी साखर जास्त आली आणि मी तुला काय काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तेव्हा तो कागद तुझ्यापासून दोन हातांवर, खणात होता.

तू गेल्यावरही मी तेच रांधत राहिलो. आता थांबलो असतो तर तू बरोबर ठरली असतीस.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचे पाय सुजले. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले आणि विचारलं, घरी कुठला भात देता? मी म्हणालो, पांढरा. ते पुन्हा म्हणाले, नक्की? आई बाजूच्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पांढराच," ती म्हणाली. "रोज पांढराच घालतो मला. हट्टाने."

गाडीत ती कालव्याचा पूल ओलांडल्यावर बोलली. आपल्या लहानपणी घरी ती भांडंभर जव शिजवायची आणि एका कोपऱ्यात मूठभर तांदूळ टाकायची, आठवतं तुला? शिजल्यावर तो कोपरा आधी काढून बाबांना आणि मला, आणि मग उरलेलं ढवळून तुला आणि तिला. मला वाटायचं भात असाच असतो, मुलांचा पांढरा आणि मुलींचा काळपट. ती म्हणाली:

"तू विचारायचास, आई, तुझा भात असा का? मी सांगायची, मला जवच आवडतात. तेव्हाही खोटंच बोलले होते. आज काय नवीन?"

ती रागाने बोलली नाही.

त्या दिवशी मी पांढरा भात लावला. तिची भूक तोवर गेली होती. तीन चमचे खाल्ले आणि म्हणाली, पाणी जास्त झालंय. नवव्या दिवशी ती गेली.

डॉक्टर नंतर म्हणाले की मूत्रपिंडं जाणारच होती, महिना इकडे की तिकडे हे कुणी सांगू शकत नाही. मी त्यांना खरं सांगितलं नाही, त्यामुळे त्यांच्या या बोलण्याचाही मला आधार घेता येत नाही. आणि अंत्यविधीच्या दिवशी लहान काकांसमोर, सगळ्यांसमोर, मी म्हणालो की आईला तुझ्या पांढऱ्या भाताने नेलं. तू माती देऊन झाल्यावर चपला घालून निघून गेलीस. नवीन वर्षाला आली नाहीस, चुसॉकच्या सुगीच्या सणाला आली नाहीस. तुझी वहिनी विचारते आणि मी म्हणतो, तिचं दुकान आहे, तिला वेळ नसतो.

तो पिवळा कागद पत्रासोबत पाठवतो आहे. वरच्या कोपऱ्यात तारीख आहे, ती बघ. काकांना मी श्राद्धाच्या आधी हे सगळं सांगेन, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. क्षमा मागतो असं लिहायला बसलो होतो, पण ते तुझ्यासमोर म्हणायचं आहे.

एवढंच मागतो. गुरुवारी आईसमोर पांढऱ्या भाताची वाटी ठेवायची आहे आणि मला तो नीट लावता येत नाही. आई तांदळावर हात ठेवून पाणी बघायची, कुठल्या पेरापर्यंत ते तिने मला कधी दाखवलं नाही. तुला दाखवलं होतं.

चार वाजता मी तांदूळ धुऊन कुकरमध्ये घालीन. पाणी घालणार नाही.

तुझी वाट बघणारा,
ज्याच्या ताटात तो कोपरा यायचा, तो तुझा दादा
ब्योंगसॉप