डब्याच्या बुडावरचं नाव

९ एप्रिल

आत्तींचा, सासूबाईंचा, हात मोडला. उजवा. न्हाणीत नाही, जिन्यात नाही, भर लक्ष्मीपुरीच्या बाजारात, पोत्यावर वाकून मिरची हुंगताना. मागनं हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत आला, ह्या गर्रकन वळल्या आणि पोत्यासकट खाली. मी भाव ऐकून आधीच गार पडले होते, त्यात हे. दुकानदार पाणी घेऊन धावला, तर त्याला म्हणतात, "पाणी ऱ्हाऊ दे. ब्याडगी ह्या सालची हाय का गेल्या सालची, ते सांग आदी."

प्लास्टर. हात गळ्यात. डॉक्टरांनी कशाला म्हणून हात लावायचा नाही असं बजावलंय. मिरची रिक्षातनं घरी आली, आत्तींच्या मांडीवरच.

११ एप्रिल

सकाळी चहाला आत्तींनी जाहीर केलं, "ह्या वर्साची चटणी तू भाज, मंगल."

बशी कलंडली माझी. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मिरचीची देठं खुडायला मी, कांदा गच्चीवर वाळत घालायला मी, कुटायला डंकावर ओझं न्यायला मी. कढईपुढं मात्र आत्ती. उलथनंसुद्धा हातात दिलं नाही कधी. ह्यांनी पेपरातनं डोकं वर काढलं, "मग यंदा लोणच्यावर भागवायचं म्हणा की." स्नेहल फिदीफिदी हसली. लेक कुणाची!

चेष्टा नाही पण ही. वर्षाची कांदा-लसूण चटणी. बिघडली तर वर्षभर रोजच्या कालवणात ह्यांना मीच दिसणार.

१३ एप्रिल

भाजलं सगळं. धने, जिरं, तीळ, खसखस, खोबरं, मेथी, दगडफूल... कांदा तेलात लाल. लसूण सोलून सोलून नखं चुरचुरतायत. आत्ती स्टुलावर, माझ्या कमरेपाशी. "हलीव. आगं हलीव की! झोपलीयास व्हय?"

ठसका लागून त्या बाहेर गेल्या, तेवढ्यात स्नेहलचा फोन, हिची ओढणी कुठाय म्हणून. मेथी जरा जास्तच तांबूस झाली. जरा. बोलले नाही.

मीठ मात्र घालू दिलं नाही. डाव्या हातानं, मुठीनं, न मोजता टाकलं त्यांनीच. "मीठ माझं," म्हणाल्या. मी म्हटलं बरं.

१४ एप्रिल

डंकावर जत्रा. आत पाय ठेवला की डोळ्यांना पदर. डंकवाल्या वहिनी तोंडाला फडकं बांधून ओरडतायत, "डबं ठिवा आन सांजच्याला या!" आप्पांचा डबा ठेवून आले. आत्तींच्या वडिलांनी लग्नात दिलेला, जर्मनचा, हा एवढा मोठा. झाकणावर नाव घातलंय, "लेकीस, आप्पांकडून". चटणी दरवर्षी त्यातनंच जाते, त्यातनंच येते. संध्याकाळी झाकण बघितलं, उचलला, घरी आणला. हाताची आग अजून जात नाही.

१५ एप्रिल

झुणका, भाकरी, नवी चटणी तेल घालून. पहिला घास आत्तींचा. डाव्या हातानं तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात टाकला. थांबल्या. चावायच्याच थांबल्या. मेथी, मेथी, मेथी, एवढंच डोक्यात.

मग दुसरा घास. मग दुसरी भाकरी. मग म्हणाल्या, "चांगली हाय."

मला? ह्या घरात? हे म्हणतात, "आईच्या हातचीच वाटतीय गं." स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले.

१८ एप्रिल

वाटी वाटी वाटली सगळ्या जिन्याला. जोशीकाकूंनी विचारलं, खास काय घातलंत? म्हटलं, मेथी. मेथी जराशी जास्त भाजायची, तीच खुबी आहे. माहेरी फोन करून आईलाही हेच सांगितलं. आई म्हणाली, बघ, शिकलीस शेवटी.

आत्ती रोज खातायत. सकाळी भाकरीशी, दुपारी दहीभाताशी. कधी एवढं जेवत नव्हत्या. बोलत मात्र नाहीत फारशा. हात दुखत असेल.

१९ एप्रिल

अगं बाई गं.

चटणी बरणीत दाबून भरली, उरली ती पातेल्यात काढली आणि डबा घासायला घेतला. उलटा केला. बुडावर नाव. नाव असतंच, "चि. सौ. सुलोचना हिस". आत्तींचं. इतकी वर्षं मीच घासते तो डबा.

आज तिथं "चि. सौ. हौसा हिस".

राखेनं पुन्हा घासलं. हौसा. चष्मा लावला. हौसाच. झाकण बघितलं, तेच. तीच अक्षरं, तोच डबा, आणि आपला नाही. म्हणजे चटणी...

जिना भरून वाटलीय मी ही. मेथीची खुबी सांगितलीय!

२० एप्रिल

सकाळीच डंकावर. वहिनी म्हणाल्या, "आवो ताई, झाकण वाचून देतो आमी. दोन डबं सारकं असतील तर आमी काय करावं? रेखाचा असंल त्यो. तुमच्या मागच्या गल्लीतली. तिच्या आईनं गावाकडनं भाजून पाठवलंतं."

घरी आले. आत्ती खिडकीत. सरळ विचारलं, "आत्ती, हौसा कोण?"

मान वळवली नाही. "धाकटी भन माझी."

बहीण! लग्नं झाली, बारशी झाली, मामंजी गेले तेव्हा सगळा गाव दारात होता. बहीण कुठं होती? मग म्हटलं, ही चटणी त्यांची आहे, डबे बदललेत.

"ठावं हाय."

"कधीपास्नं?"

"पयल्या घासाला कळलं. आमच्या आईच्या हाताची हाय ती. हौसीलाच आली तेवडी, मला न्हाय."

"मग बोलला का नाही हो?"

"बोलले आसते तर परत द्यावी लागली आसती. म्हटलं खाऊन घ्यावी."

म्हणजे ते "चांगली हाय" मला नव्हतंच. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलंच नाही.

२१ एप्रिल

थोडंथोडं काढून घेतलं त्यांच्याकडनं. त्यांच्या भावाच्या लग्नात रस्सा आत्तींनी केला होता. भरल्या पंगतीत हौसामावशी हसत म्हणाल्या, "आक्काचं मीठ हाय रश्श्यात, पाण्याचा तांब्या जवळ घिऊन बसा." सगळी पंगत हसली. आत्तींची सासूही हसली. ह्या उठल्या आणि एसटी धरून घरी. त्यानंतर तोंड नाही बघितलं.

मी म्हटलं, एवढ्यावरनं? "एवडं कुटं? भरल्या पंगतीत," म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं. स्नेहल लग्नाला आली, आणि तिच्या आजीचं नाक अजून त्या पंगतीतच.

मागच्या गल्लीत गेले. रेखा म्हणजे कोण निघावी? मंडईत दर रविवारी भेटते, हसते, कोथिंबिरीची जुडी एकत्र घेऊन निम्मी निम्मी करतो आम्ही! तिला सगळं माहीत. "वहिनी, आईनं सांगितलंय, मावशी दिसली तर वळून बघायचं न्हाय. तुमच्याशी बोलू नको म्हणलेली न्हाय." माझा डबा तिनं तेव्हाच नेसरीला, आईकडं पाठवलाय. आईनं परत केलाच नाही, का ते सांगतही नाही म्हणते.

२३ एप्रिल

नेसरी. आत्तींना सांगूनच गेले, आपला डबा आणते म्हणून. म्हणाल्या, "जा. पर तिचा डबा रिकामा न्यायचा न्हाय. रिकामा डबा परत करत न्हाईत. आन चटणी म्या देत न्हाय." मग गेले हात हलवत.

गडहिंग्लजला गाडी बदलली. शेजारी कोंबडी घेतलेली बाई, कोंबडी सारखी माझ्या पिशवीत तोंड घालतेय. ऊन असं की सीटला पाठ टेकवेना. नेसरीत उतरले तर पारावरचे आजोबा, "कुनाकडं पावणं?" हौसाबाई म्हटल्यावर तिघांनी तीन दिशांना हात केले.

दार उघडलं आणि मी दचकलेच. आत्तीच! तेच नाक, तीच कमरेवर हात ठेवायची ढब, फक्त वीतभर बुटक्या. मी काही बोलायच्या आत, "आक्काची सून न्हवं तू? बस. जेव."

ताटात भाकरी, पिठलं आणि माझी चटणी. पहिल्यांदा खाल्ली मी माझी चटणी, तीही दुसऱ्याच्या घरात. कडू. घशाशी येणारी कडू.

"कुनी भाजलीया?"

"मी."

"मेथी करपवलीस."

जोशीकाकू आठवल्या.

"पर मीठ आक्काचं हाय." असं म्हणाल्या आणि पदर डोळ्याला. धुराचं निमित्त करायला चूलसुद्धा नव्हती, गॅसच होता. "खाल्ली आन कळलं. रेखा म्हणती परत कर. म्या न्हाय केली. आक्काच्या हाताचं मीठ कवा मिळायचं पुना मला?"

अहो, एकमेकींची चटणी खात बसल्यात दोघी, आणि बोलायला तयार नाहीत!

म्हटलं, चला माझ्याबरोबर, आत्तींचा हात मोडलाय. कुठं मोडला, कसा मोडला, जेवते कशी, वेणी कोण घालतं, दहा प्रश्न. आणि शेवटी, "म्या न्हाय येत. पंगतीतनं उठून ती गेली, म्या न्हाय."

डबाही दिला नाही. तशीच परत. निपाणीपर्यंत उभ्यानं.

२४ एप्रिल

आत्तींना सगळं सांगितलं. कडू मेथीसकट. मेथीला हसल्या, "मला वास आलता," म्हणाल्या. मग मिठाचं सांगितलं.

हसू गेलं. "काय म्हणली?"

"मीठ आक्काचं हाय म्हणाल्या."

"कशी म्हणली? हसून?"

"नाही हो. रडत होत्या."

"पुन्ना सांग."

तीनदा सांगायला लावलं. मग उठून देवापाशी जाऊन बसल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मला भीती वाटली, उगाच सांगितलं की काय.

२६ एप्रिल

रेखाचा फोन. हौसामावशी उद्या डोळे दाखवायला कोल्हापुरात येतायत, तिच्याकडं उतरणार. आमचा डबा घेऊन. पुढं म्हणाली, "आई म्हणती, डबा द्यायला कुनी जायाचं? म्या धाकटी म्हणून म्या, का आक्कानंच न्यायला यायचं? ठरंना वहिनी, काय करू?"

आत्तींना सांगितलं. तर म्हणाल्या, "मटण आन उद्या. बकऱ्याचं. रस्सा कर."

रस्सा! मी दोनदा विचारलं. "कानात बोळं हाईत व्हय?" म्हणाल्या.

२७ एप्रिल

सकाळपासून पातेलं चुलीवर... गॅसवर. धांदल उडालीय माझी, कुणाचं लग्न असल्यासारखी. आमच्या बरणीत उरलेली हौसामावशींची चटणी मी त्यांच्या डब्यात भरली. निम्म्याच्या खाली आलीय, लाज वाटली. आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिला कळूं दे किती खाल्ली."

मीठ पुन्हा त्यांनीच घातलं. डाव्या हातानं. ह्या वेळी मूठ पातेल्यावर बराच वेळ धरून ठेवली, थोडं परत मिठाच्या डब्यात टाकलं, मग पुन्हा उचलून तेही घातलं. मी पळी घेतली चव बघायला, तर हात धरला.

"तू बघू नगंस. ती बघंल."

नवं लुगडं नेसवायला लावलं. वेणी मी घातली. कुणाला निरोप धाडू देत नाहीत. रेखालाही फोन नको म्हणतात. नुसतं दार उघडं ठेवलंय आणि दाराकडं तोंड करून खुर्चीत बसल्यात. दोन वाजून गेले. रस्सा दोनदा गरम केला. गल्लीत रिक्षा वाजली की मान वर होते, पुढं गेली की खाली.

आत्ता हाक मारून म्हणाल्या, "मंगल, पाण्याचा तांब्या भर. आन हितं, जवळ ठेव."