लाल रेघेपलीकडे

प्रिय बाबा,

जाईबाईंनी तुमचं पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं आणि चित्रातल्या बाईच्या मुठीवर बोट ठेवलं. “ही वीणा कुटली? तार ताणून धरलीया बगा. चौंडकं हाय हे.” मग खुंटीवरचं आपलं चौंडकं काढून त्यांनी डाव्या काखेत दाबलं, डाव्या मुठीत तार ओढली आणि उजव्या हातानं छेडली. मूठ तीच, मनगटाचा बाक तोच. “आन् तुमच्या ह्या हरणाला दाढी कशी? शेळी हाय ती.” शेजारच्या सुलाबाई हसून हसून खोकू लागल्या. मला हसू आलं नाही.

ही गेल्या शुक्रवारची, कोरेगावातली गोष्ट. जाईबाई यल्लम्माच्या जोगतीण; मी त्यांच्याकडे देवीची गाणी ऐकायला गेले होते. पुस्तक सहज सोबत नेलं होतं. पाटणकडच्या मठाच्या भिंतीवरचं ते चित्र तुम्ही तीस वर्षांपूर्वी छापलंत. वीणा घेतलेली, हरणाला मोहवणारी तोडी रागिणी, असं लिहिलंत. आपल्याकडच्या चितारींना रागमाला, म्हणजे रागरागिण्यांची चित्रं, ठाऊक होती, याचा तो पुरावा ठरला. पुढे मठाच्या भिंतीला गिलावा झाला. आता चित्र फक्त तुमच्या पुस्तकात आहे.

तुमच्या व्याख्यानांत पडद्यावर लावलेल्या त्याच चित्रासमोर मी बारा वर्षं तोडी गाते आहे. लोक म्हणतात, गंधार लागला की ती बाई मान वळवते. मीही ते मानत आले. कोरेगावहून परतताना एसटीत तो गंधार मनात लावून पाहिला, लागला नाही.

तुमची चूक झाली असेल, एवढंच मला वाटत होतं. चुका सगळ्यांच्या होतात. तुम्हाला फोनवर सांगणारही होते, पण आधी खात्री करावी म्हणून तुम्ही साताऱ्याच्या घरी ठेवलेली ट्रंक उघडली. त्यात मूळ फोटो मिळाला. बाईच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत लाल पेन्सिलीची रेघ आहे. रेघेअलीकडचं पुस्तकात आलं. पलीकडे काखेतलं चौंडकं आहे आणि जमिनीवर देवीची परडी. फोटोच्या पाठीवर तुमच्या अक्षरात दोन शब्द आहेत: ‘चौंडकं. जोगतीण.’ खाली तारीख, पुस्तकाच्या दोन वर्षं आधीची.

तुम्हाला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तुम्ही सांगलीतल्या तुमच्या सत्काराचं बोललात, मी होय म्हणत राहिले. रागमाला म्हटल्यावर पुण्याच्या विद्वानांनी दार उघडलं, जोगतिणीसाठी उघडलं नसतं, हे मला कळतं. पण मी पुन्हा कोरेगावला जाऊन जाईबाईंना सगळा फोटो दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या बाईला तुमी दुसरं नाव का दिलं?” तो प्रश्न तुमच्यासाठी आहे, म्हणून तसाच इथे लिहिला.

शेजारचा धैर्यशील आत्ता सांगलीला निघतो आहे. त्याच्या हाती हे पत्र आणि मूळ फोटो देते आहे, संध्याकाळपर्यंत मिळेल. उद्या चारला तुमच्या सत्काराला सभागृह भरेल. तुम्ही बोलायचं आणि मग मी गायचं, असं छापलं आहे. मी तोडी गाणार नाही. जाईबाई चौंडकं घेऊन माझ्यासोबत येत आहेत. पडद्यावर सगळा फोटो लावा आणि तो का कापला ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर मला सांगावं लागेल. ते माझ्यावर येऊ नये, म्हणून हे लिहिलं.

तुमचीच,
संयोगिता

(पत्राच्या मागे, बाबांच्या अक्षरात, पेन्सिलीने)

सकाळी आठला सभागृहात गेलो. फोटो पूर्ण लावून पाहिला, मागच्या रांगेतूनही नीट दिसतो. भाषणाचे कागद घरीच ठेवले. तानपुरा नको म्हणून कळवलं. बसून वाजवणाऱ्या बाईच्या उंचीला येईल असा एक माइक खाली लावून घेतला.