सर्वांसाठी एकच ट्रे

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळ.

स्वयंपाकघराच्या दारातून परत पाठवल्या गेलेल्या माझ्या तमाम बंधूंनो! किती वर्षं आपण बाहेरच्या खोलीत बसून चहाची वाट पाहणार? मीठ कुठे आहे विचारलं तर हसतात. काय करतेस विचारलं तर मध्ये येऊ नका म्हणतात. हा अन्याय आणखी किती सोसायचा?

(ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण लेखणीला सभेची सवय आहे, तिला कोण आवरणार?)

काल बिल्डिंगच्या कमिटीची मीटिंग झाली. विषय साधा होता, येत्या रविवारचं स्नेहसंमेलन. खजिनदार नेहमीच्या मरगळलेल्या आवाजात म्हणाला, मुलांसाठी बेकरीतून केक मागवू. मी उठलो. सेक्रेटरी म्हणून नव्हे, आजोबा म्हणून उठलो. माझ्या नातीला, मुंगीला, गहू चालत नाही. ग्लुटेन, म्हणजे गव्हातला तो चिकट भाग, एक कण पोटात गेला तरी पोरगी दोन दिवस पोट धरून लोळते. म्हणून प्रत्येक वाढदिवसाला सगळी मुलं केकभोवती आणि आमची मुंगी भिंतीपाशी, मांडीवर स्वतःचा डबा. आणि तिला मुंगी म्हणतात ते गोडाला लागते म्हणून!

बोललो. झाडून सगळा इतिहास काढला. शेवटी हात उंचावून म्हणालो, या रविवारी एकच ट्रे! सर्वांसाठी एकच ट्रे! ओटच्या पिठाच्या चॉकलेट चिप कुकीज, आणि त्या मी स्वतः, या हातांनी करीन!

टाळ्या. खजिनदारही वाजवत होता. तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, ओव्हन कुठे आहे ठाऊक आहे का? मी म्हणालो, अर्थात. ही म्हणाली, दाखवा. मी दाखवला. ते डिशवॉशर निघालं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.

सकाळभर वाचनालयात. धान्याचा इतिहास, आहारशास्त्र आणि पिठांवरचा एक जाड ग्रंथ असं सगळं वाचलं. निष्कर्ष: ओट्स हे उपेक्षितांचं धान्य आहे. शतकानुशतकं ते घोड्यांपुढे टाकलं गेलं. त्याला न्याय देण्याची वेळ आली आहे.

कुकीजची कृती मात्र शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. लोणी, साखर, अंडं, ओटचं पीठ, सोडा, चॉकलेट चिप्स. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा म्हणे. झाकून ठेवण्याच्या धोरणाला मी आयुष्यभर विरोध केला आहे.

सूनबाईने ओट्सची दोन पाकिटं आणून दिली, ग्लुटेन-फ्री छापलेली. म्हणाली, बाबा, पीठ मी करून देते. माझा मिक्सर फक्त मुंगीच्या गोष्टींसाठी ठेवलाय, त्यात गहू कधी जात नाही. मी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्याच्या मिक्सरवर उभी राहिलेली चळवळ टिकत नाही. सूनबाईने पाकिटं माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, बरं, पण मुंगीला काही द्यायच्या आधी मला विचारा हं. या घरात माझ्या शब्दाला परवाना लागतो, हे मी नोंदवून ठेवतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर. दुपार.

पहिला प्रयोग.

हिने सकाळीच जाहीर केलं, तुमचं भाषण, तुमचा ओटा. आणि बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीवर, माझं वर्तमानपत्र घेऊन बसली. मी ओट्स हिच्या मिक्सरमध्ये फिरवले. रवाळ झाले. चालेल. ट्रेवर व्यवस्थित अंतर राखून गोळे ठेवले. काचेतून पाहत होतो. आधी ते बसले, मग पसरले, मग एकमेकांत मिसळले. बाहेर काढली तेव्हा ट्रेएवढी एकच कुकी होती. उचलायला गेलो तर तिची वाळू झाली.

एकजुटीचं असं दर्शन मला कमिटीतही कधी झालेलं नाही. पण मुद्दा मान्य, कुकी हातात यायला हवी.

ही आत डोकावली. म्हणाली, हे काय, भुसा? मी म्हणालो, हे प्रारूप आहे. ही म्हणाली, मग प्रारूपाचा ट्रे घासून ठेवा. तो घासायला कुकी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, दुसरं काही नाही. बायका इथे उभ्या राहून काय पाहत असतील?

गुरुवार, ७ नोव्हेंबर.

लिफ्टमध्ये फलक लागला आहे. खजिनदाराचं काम. जाड अक्षरांत: 'रविवारी खास आकर्षण! आपल्या लाडक्या सेक्रेटरींच्या हातच्या कुकीज!' खाली माझा फोटो, तोही कुठल्या जुन्या सभेतला, तोंड उघडं असलेला.

लिफ्टमध्ये चढलो की लोक विचारतात, काय साहेब, तयारी जोरात? तळमजल्यावरची डॉक्टरीणबाई म्हणाली, माझी मुलं आठवडाभर बिस्किट खात नाहीयेत, जागा ठेवतायत पोटात. आता जिन्याने ये-जा करतो. गुडघे बोलतात, पण गुडघे प्रश्न विचारत नाहीत.

दुसरा प्रयोग. लोणी कमी केलं. परिणाम: बटणं. ही म्हणाली, कोटाला लावा. तिसऱ्या प्रयोगासाठी मिक्सर लावला तर त्यातून धूर निघाला. हिचं लग्नातलं भांडं नव्हतं ते, तरी असल्यासारखीच बोलली. मी शांतपणे ऐकून घेतलं. इतिहासात प्रत्येक परिवर्तनाला एखादं यंत्र द्यावं लागलं आहे.

माघार घ्यावी का? विचार केला. मग संध्याकाळी मुंगी शाळेतून आली. शाळेच्या बुटांसकट माझ्या मांडीवर चढली आणि म्हणाली, आजोबा, मी माझ्या बेंचवरच्या मुलीला सांगितलं, रविवारी मी ट्रेमधलं घेणार. स्वतः उचलून. कोणाला न विचारता.

माघारीचा रस्ता बंद. रडलो नाही. डोळ्यात सोडा गेला होता.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

तोडगा सापडला! कसा साधा, कसा लखलखीत. दोष माझा नव्हताच, पिठाचा होता. रवाळ पीठ एकमेकांना धरत नाही. बारीक पीठ हवं, आणि बारीक पीठ कुठे मिळतं? गिरणीत!

दुसरं पाकीट घेऊन गेलो. गव्हाचे डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. मी ओट्स पुढे केले तर एकीने विचारलं, पोपटाला का? गिरणीवाला पाकीट हातात तोलून म्हणाला, साहेब, एवढंसं एकटं नाही दळता येत. चालू दळणाच्या मागोमाग सोडावं लागेल. मी म्हणालो, सोड बाबा, मागे राहायची आम्हाला लाज नाही. बायका हसल्या. चार शब्द बोललोच मग, धान्याच्या समतेवर. गिरणीच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसेल, पण माना हलत होत्या.

पीठ काय निघालं! रेशीम! आणि नेलं त्यापेक्षा जास्त भरलं. पिशवीत मावेना. खऱ्या कामात अशी बरकत आपोआप येते.

घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. सूनबाईने विचारलं, बाबा, पीठ कसं केलंत? मी म्हणालो, उद्या कळेल. गूढ स्मित केलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर. सकाळ ११.

विजय!

गोल. सोनेरी. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. उचलली तर हातात येते, वाकवली तर वाकते, पडली तर उसळत नाही! पिठांवरचा तो जाड ग्रंथ सांगतो की ग्लुटेनशिवाय कुकी अशी बांधून येणं फार अवघड असतं. ग्रंथकार मला भेटला नव्हता.

हिने एक खाल्ली. दुसरी घेतली. आमच्या संसारात याहून मोठं प्रशस्तिपत्र दिलं गेलेलं नाही. पहाटेपासून ट्रेमागून ट्रे. टेबलं भरली, खुर्च्या भरल्या, पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कुकीज. फिरायला जागा उरली नाही. भाषणाचा मसुदाही डोक्यात तयार आहे.

दुपार ४.

मुंगी क्लासवरून आली. सूनबाई अजून कामावर होती. मी ट्रेमधली सगळ्यात गोल कुकी मुंगीच्या हातावर ठेवली. अर्ध्या क्षणात तिने नाकाशी नेली, डोळे मिटले, तोंड उघडलं. आणि थांबली.

तिला शिकवलेलं आहे, खाण्याआधी विचारायचं. कोणीही दिलं तरी. म्हणाली, आजोबा, पीठ कुठे केलं?

मी सांगितलं. रंगवून सांगितलं. रांग, पोपट, दळणाच्या मागोमाग सोडलेले ओट्स, न मावणारी पिशवी. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, आधी कुणाचं दळण होतं?

रांगेतल्या बायकांचं, म्हणालो, गव्हाचं. तिने कुकी हळूच ट्रेमध्ये ठेवली, होती त्याच जागी. म्हणाली, तुम्ही रागवू नका हं. आणि हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

संध्याकाळ ७.

सूनबाईला सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवरच्या कुकीज बाजूला करून बसली आणि म्हणाली, बाबा, त्या बांधून आल्यात त्या गव्हामुळे.

म्हणजे तेवढीच गोष्ट चांगली झाली होती, आणि ती माझी नव्हती.

सूनबाई म्हणाली, ट्रे, चमचे, ओटा, सगळं घासून घेऊ. मुंगीसाठी ठेवलेल्या ओट्सचं माझ्या मिक्सरमध्ये पीठ करते. मिश्रण अर्धा तास मुरू द्यायचं म्हणजे धरून येतं. उद्या सकाळी सगळ्यांच्या नाही, पण थोड्या होतील. जेवढ्या होतील तेवढ्या नेऊ आणि लोकांना सांगू, काय झालं ते.

सांगू? फोटो लावलाय लिफ्टमध्ये. खजिनदार पहिल्या रांगेत बसणार. मी म्हणालो, विचार करतो.

रविवार, १० नोव्हेंबर. दुपार.

विचार केला. सर्व बाजूंनी केला. अखेर लोकहिताच्या दृष्टीने एक व्यवहार्य भूमिका घेतली आहे: कुकीज तयार आहेत, उत्तम आहेत, बाकी मुलांनी काय पाप केलंय? मुंगीसाठी तिचा डबा असतोच. तत्त्व अबाधित आहे, फक्त अंमलबजावणी पुढच्या वर्षी.

हिला भूमिका समजावून सांगितली. ही म्हणाली, हे सगळं तिला समजावून सांगा. मी म्हणालो, ती समजूतदार आहे. ही म्हणाली, हो ना, तोच तर तिचा दोष आहे.

मुंगीला म्हणालो, बाळा, आज जरा अडचण आहे. ती म्हणाली, चालेल. एवढंच. जांभळा फ्रॉक काढला होता, तोच घालून आली.

रात्री ८.

भाषण झालं. चांगलं झालं. आवाज हॉलच्या शेवटापर्यंत गेला. एकच ट्रे, म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. ट्रे फिरू लागला. मुलं तुटून पडली. डॉक्टरीणबाई म्हणाली, साहेब, तुम्ही तर बेकरी काढा.

मग खजिनदाराने माझ्या हातातून माइक घेतला. वाईट हेतू नसावा. ट्रे घेऊन थेट मुंगीसमोर गेला आणि माइकवर म्हणाला, आणि ही पहिली मानकरी! हिच्यासाठीच तर हा सगळा घाट! घे बाळ, आजोबांच्या हातची.

सगळे पाहत होते. फोन वर झाले होते, फोटोसाठी. मुंगीने ट्रेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी, ज्याला कोणत्याही विषयावर, कोणत्याही क्षणी, तयारीशिवाय बोलता येतं. तोंड उघडलं. फलकावरच्या फोटोसारखं. त्यातून काही आलं नाही.

मुंगी माइकमध्ये म्हणाली, मला चॉकलेट आवडत नाही.

सगळे हसले. खजिनदार म्हणाला, घ्या, आणि हिला म्हणे मुंगी म्हणतात! पुन्हा हशा. ट्रे पुढे गेला.

तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मागे न पाहता, एका वाक्यात. माझ्या घरात वक्तृत्व उतरलं आहे ते असं.

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळ.

लिफ्टने गेलो. शेजारी म्हणाला, काल जिंकलंत साहेब. हो म्हणालो. खाली जायचं होतं, वरच गेलो.

कारणं लिहायला बसलो होतो. गिरणीवाल्याने नीट सांगायला हवं होतं. खजिनदाराला माइक द्यायला नको होता. वेळ कमी होता. तीन लिहिली, तीनही खोडली.

सूनबाईची आज सुट्टी आहे. आत मिक्सरचा आवाज येतोय. मुंगी शाळेत गेली.

बंधूंनो, सभा बरखास्त. बाहेरच्या खोलीतून उठा, आत जा, आणि सूनबाईला एवढंच म्हणा: मला शिकव.