खांबावरचा नवरदेव

सोमवार, १३ जानेवारी

हशा मोजायचा! असलं काम पहिल्यांदाच आलं. लग्नं केली, सभा केल्या, जयंतीच्या मिरवणुका केल्या, एका पुढाऱ्याच्या उपोषणालासुद्धा साऊंड दिला. विनोदाचा महोत्सव कधी केला नव्हता. महेश म्हणून एक तिशीतला माणूस भरवतोय. नाशकात द्वारका चौकातल्या माझ्या दुकानात आला. म्हणाला, "काका, तीन दिवस, गंगापूर रोडचा हॉल. शुक्रवारी स्पर्धेची पहिली फेरी, शनिवारी मुंबई-पुण्याचे कॉमेडियन, रविवारी फायनल आणि बक्षिसं. एक बक्षीस परीक्षक देणार, एक हशा देणार."

म्हणजे कसं? तर प्रेक्षकांच्या डोक्यावर दोन माइक टांगायचे. प्रत्येक स्पर्धकाचे सर्वांत मोठे तीन हशे मीटरवर बघायचे, बेरीज करायची. ज्याची जास्त त्याला 'हशा पुरस्कार' आणि वर्षभर दहा शहरांत कार्यक्रम.

म्हटलं, "मीटर फसतं. माझे कान फसत नाहीत."

म्हणाला, "म्हणून तर तुमच्याकडे आलो!"

तोंडाने गोड आहे. चालेल हा माणूस.

बुधवार, १५

आज घरी सुमनला सांगितलं, महोत्सवाचा साऊंड आपला आहे, पास मिळतील, चल. म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं! आणि रविवारी मी देवळाली कॅम्पला मालनताईकडे जाणार आहे." बहिणीचं नाव निघालं की पुढे बोलण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, १७

आधी साधं लिहितो, मग ते लिहितो.

साडेपाचशे खुर्च्या, भरल्या. पहिल्या दोन रांगा पासवाल्यांच्या. पासवाले हसत नाहीत, तिकीट काढलेले हसतात. हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. खरा हशा पोटातून येतो. मीटरवर सावकाश चढतो, सावकाश उतरतो. मित्रमंडळींनी आणलेला हशा टाळीसारखा, चढला की पडला. बारा स्पर्धक होते. सटाण्याचा एक एसटी कंडक्टर आला, गोटीराम. सगळं अहिराणीत. "मी कंडक्टर शे. मना समोर रोज साठ माणसं उभी ऱ्हातस, एक बी हसत नही. आज तुम्ही बठेल शेतस आनि हसी ऱ्हायनात!" हॉल कोसळला. आवाजही असा, की माइक बंद केला तरी शेवटच्या रांगेत जाईल. मी मनात म्हटलं, हाच जिंकतो.

नववं नाव पुकारलं, 'स्नेहा'. स्नेहा पन्नास असतील नाशकात. स्टेजवर आली ती आमची निघाली! आमची सून. सकाळी मला डबा देऊन म्हणाली होती, बँकेत ऑडिट आहे, उशीर होईल.

माझा हात आवाज वाढवायच्या फेडरवर तसाच राहिला. हनीफने बाजूने कोपर मारलं, "झुंबर, आवाज दे पोरीला!" हनीफ म्हणजे माझा चाळीस वर्षांचा सोबती, वायरिंग त्याचं. त्याच्यामुळे तिचं पहिलं वाक्य तरी लोकांना ऐकू गेलं.

आणि वाक्य काय? "माझे सासरे साऊंडवाले आहेत. दोन हजार माणसांत कोण खोकलं ते त्यांना कळतं. घरात आई चार वेळा हाका मारतात, ते ऐकू येत नाही."

हशा! मीटर लाल!

पुढे कुकरची शिट्टी ऐकून मी 'ट्रेबल जास्त आहे' म्हणतो, ते आलं. आणि शेवटी लग्न आलं. माझं लग्न. कॅम्पातल्या विहारासमोर मांडव, बौद्धाचार्य तयार, नवरी हार घेऊन उभी, आणि नवरदेव गायब. का, तर भोंगा शिट्टी मारत होता म्हणून खांबावर चढला होता. साऊंड स्वतःचाच ना! "आमच्या आईंनी नवऱ्याचं तोंड नंतर पाहिलं, आधी पाय पाहिले. खांबावरून लोंबकळत होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर." मग ती थांबली. काहीच बोलली नाही. चांगली तीन सेकंद. नवशिके थांबत नाहीत, घाबरतात शांततेला. ही थांबली. मग म्हणाली, "पाऊण तासाने भोंगा वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यासाठी! आई म्हणतात, हार मी भोंग्यालाच घालणार होते. त्याला बंद करायचं बटण तरी असतं."

संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा. मीही हसलो. खोटं कशाला लिहू!

नंतर पार्किंगमध्ये गाठलं तिला. घाबरली नव्हती. "तुम्ही कन्सोलवर असणार हे बुधवारीच कळलं मला, बाबा. माघार घ्यावी असं वाटलं होतं. नाही घेतली." रवीला माहीत आहे म्हणाली. तो चाकणला कंपनीत, शनिवार-रविवार येतो, नवऱ्याला सांगितलंय म्हणजे बरंच. मग म्हणाली, "बाबा, घरात हा विषय नको. प्लीज."

मी कशाला काढू!

महेशला मात्र लगेच सांगितलं की ही माझी सून आहे. मीटर मी वाचणार नाही, हनीफ वाचेल आणि तुमचा एक माणूस शेजारी बसेल. तो म्हणाला, "काका, कोण बोलणार आहे?" म्हटलं, "मी बोलेन. मलाच ऐकू येईल."

शनिवार, १८

मोठे कॉमेडियन आले. एक जण माइक दातात धरल्यासारखा धरतो, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळतो. लोक तरी हसतात, कारण त्याला मोबाइलवर पाहिलेलं असतं. दुसरी बाई मात्र वा! कुजबुजली तरी अख्खा हॉल ऐकायला पुढे झुकतो. दोन तास नुसतं ऐकलं. इतकी मजा कामात फार वर्षांनी आली.

पण डोक्यात तो मोजा. अंगठा बाहेर होता हे खरं आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही. रवीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हनीफला विचारलं, तूच सांगितलंस ना पोरीला?

"अरे बाबा, मैं नीचे शिडी पकड़ के आँख बंद करके खड़ा था! तू पडला असतास तर तुझ्या सासऱ्याने मला मारलं असतं. मोजा कशाला बघतो मी?"

मग दुसराच विचार आला. रविवारी हॉलमध्ये कॅम्पातली माणसं असणार. सुमनच्या माहेरची. 'आई म्हणतात, बटण तरी असतं' हे कुणीतरी मालनताईकडे जाऊन सांगणार. सुमन चारचौघांत वर तोंड करून बोलणारी बाई नाही. तिच्या तोंडी असलं वाक्य घालून साडेपाचशे लोकांना हसवायचं? माझ्यावर हसा. माझं काय! पण तिला लागेल. आणि लागलं की ती बोलत नाही, आठ-आठ दिवस.

दुपारी स्नेहाला बाजूला घेतलं. म्हटलं, "बेटा, कुकर ठेव, हाका ठेव, सगळं ठेव. लग्नाचं तेवढं काढ."

ती मग म्हणाली, "बाबा, तोच तर जीव आहे त्यातला."

"आईंना कळलं तर?"

माझ्याकडे एकदम कसं तरी पाहिलं. "विचारून सांगते," म्हणाली.

रवीला विचारणार असेल. संध्याकाळी मेसेज आला, 'विचारलं. काढू नकोस असं उत्तर आलं. पण तुम्ही पहिल्यांदाच काही मागितलंत. काढते.'

रवी नको म्हणाला म्हणजे पोरगा बायकोच्या बाजूने उभा राहतो. हेही कळलं, बरं झालं.

रविवार, १९

फायनलला पाच जण. गोटीराम तिसरा, स्नेहा शेवटची. रवी चौथ्या रांगेत, नखं खात. सुमन सकाळीच कॅम्पला गेली.

स्नेहा छान बोलली. हाकांवर हशा पडला तो शुक्रवारपेक्षा मोठा. कुकरवरही. लग्नाच्या जागी तिने बँकेतलं काहीतरी घातलं, टोकन आणि आजोबा. लोक हसले. पण कानाला कळतं ना. ती त्या जागी येऊन थांबली, तशीच तीन सेकंद, जणू पायाला सवय होती. आणि मग दुसऱ्याच रस्त्याने गेली. हशा चढला, लगेच पडला.

एक गंमत. ती थांबली होती तेव्हा हॉल शांत. माझ्या कानात हेडफोन, त्यात मागच्या माइकमधून एक आवाज आला. "च्च!" बस, एवढाच. एका बाईचा. कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण माझं डोकं मीटरकडे होतं. मीटरकडे बघायचं नाही असं ठरवूनही!

हनीफने आकडे महेशच्या माणसाकडे दिले. परीक्षकांचं बक्षीस पुण्याच्या एका मुलीला. 'हशा पुरस्कार' गोटीरामला. स्नेहापेक्षा दोनने पुढे. नुसते दोन! हनीफ माझ्या कानात म्हणाला, "शुक्रवारचा तिसरा हशा असता तर आपण पुढे होतो." मी म्हटलं, गप.

गोटीराम ट्रॉफी घेऊन म्हणाला, "सगळ्यासनी मागे सरका, फोटो काढनं शे!" चांगला माणूस आहे. मी टाळ्या वाजवल्या. मन नव्हतं, तरी हातांनी वाजवल्या.

गाडीत स्नेहा मागे बसली होती. मी म्हटलं, माझ्यामुळे गेलं.

"नाही हो बाबा."

ही सून खोटं फार वाईट बोलते.

आता इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? मोजा काढायला मी सुमनसाठीच सांगितलं होतं का? की साडेपाचशे लोकांना माझा अंगठा दिसला म्हणून? शुक्रवारी मी हसलो होतो. शनिवारी मात्र रात्रभर पाय पांघरुणात घेऊन झोपलो.

सोमवार, २०

भाजीत मीठ नाही. पोळी जळलेली. भांडी अशी ठेवतेय की आमच्या इंदिरानगरभर ऐकू जावं.

"काय झालं, सुमन? मालनताईकडे काही झालं का?"

"काही नाही!"

मला वाटतं कुणीतरी कॅम्पात सांगितलं तिला शुक्रवारचं. मी काढायला लावलं, तरी उशीरच झाला. स्नेहाला बोलणार नाही ती, राग माझ्यावर निघणार. निघू दे.

मंगळवार, २१

आजही मीठ नाही.

बुधवार, २२

टेस्टर घरी राहिला म्हणून भरदुपारी परत आलो. स्नेहाची आज रजा. दार उघडंच, स्वयंपाकघरातून बोलणं येत होतं.

"मोजा काढू नकोस म्हटलं होतं ना तुला मी? त्यांनी सांगितलं आणि तू काढलास. च्च! हॉलमध्ये मागे बसून मलाच बोलावंसं वाटत होतं." सुमनचा आवाज. मग चमचा खाली ठेवल्याचा आवाज. "बरं, पुढच्या महिन्यात पुण्याला घाल परत. आणि अंगठ्यानंतर थांबतेस ना, तिथे एवढी घाई नको. मी मघाशी कशी थांबले, तशी थांब. आता परत म्हण."

स्नेहा म्हणू लागली.

टेस्टर राहिला तिथेच. चपला हातात घेऊन जिना उतरलो.