स्पीड लॉक

धरणगाव, मंगळवार

शेजारच्या सुमनअक्कांना आज बाजारात बॅटरीच्या स्कूटरनं मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "बाई, गाडीना आवाजच उना नही." बॅटरीच्या गाडीचा आवाज येतोच कुठे? चालवणारा थांबलाही नाही. पोलीस म्हणतात, गाडीला नंबरच नाही तर शोधायची कुठे? ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत पळणारीला नंबर लागत नाही, लायसन लागत नाही. पण पंचवीसच्या वेगानं असं हाड मोडतं?

"पिवळी व्हती," असं अक्का म्हणाल्या, तेव्हा माझ्या नवऱ्यानं मान फिरवली. ती आमच्याच शोरूमची. गावात पिवळी एकच विकली आहे. आमचे हे, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून, पंचवीसच्या वर पळू न देणारं स्पीड लॉक काढून देतात. घरी विचारलं तर म्हणे, "सगळेच काढतात. मी एकट्यानं काय बिघडवलं?"

आवाजच उना नही. कानातून जात नाही ते.

तशीच चौकीत गेले. घेणाऱ्याचं नाव सांगितलं. परत आले तर हे पायरीवर बसलेले.

"माझंही नाव सांगितलंस?"

"तुमचंच आधी सांगितलं."