थंडी कुठली, मे कुठला

माउंट रॉस्किल, शुक्रवार, ११ मार्च २०१६

आज पुन्हा वीज कंपनीला फोन केला. आमच्या हीटरला वेगळा मीटर आहे आणि त्याचा जुना दर आता नव्या कुणाला देतही नाहीत. एकेकाळी स्वस्त होता म्हणे, आता सगळ्यात महाग. बदलायचा तर मीटर काढायला घरमालकाची सही हवी. तो दोन वर्षं नुसतं "स्वीट ॲज, चालेल की, बघतो" म्हणतोय. म्हणून हिवाळाभर हीटर बंदच असतो. म्हणूनच आईला म्हटलं होतं, थंडीत नको येऊस.

संध्याकाळी तिचा पुण्याहून फोन. "अगं, थंडी सरली की! मेमध्ये येते, इथला उकाडाही चुकेल."

इथे दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, मेमध्ये मी दोन स्वेटर घालून स्वयंपाक करते. तिचे गुडघे, तिचा दमा... सांगायला तोंड उघडलंही होतं.

"गप्प का? म्हातारी नकोय वाटतं?"

"ये ना गं," म्हणाले.

चार वर्षांत तिला जवळ घेतलेलं नाही. पण ही माया की स्वार्थ? मेमध्ये थंडी असते, एवढंच तर सांगायचं होतं.

उद्या सांगेन. आज तरी ती येणार आहे.