चोरचोळी

सक्करदरा, नागपूर
८ जानेवारी १९७१

ती. सौ. वच्छलाताईस,
धाकट्या प्रेमिलेचा शि. सा. न. वि. वि.

मला तिसरा महिना लागला. आनंदाने ओरडू नकोस, कुणाला सांगूही नकोस. बाळंतपणाच्या भरपगारी सुट्टीचा नवा कायदा आला तेव्हा आम्ही सूतकारखान्यात पेढे वाटले होते. पण त्यासाठी वर्षात एकशेसाठ दिवस हजेरी लागते आणि माझे एकोणीस उरलेत. सुट्टीचा पगार द्यावा लागू नये म्हणून दिवस गेलेलीला मालक त्याआधीच काम नाही असं सांगून घरी बसवतो. आमच्यातल्या गोपिकेला बसवलं तेव्हा तिचे चारच दिवस उरले होते. तिचं नाव मुकादमाला कुणी सांगितलं, कळत नाही. आता आम्ही डबासुद्धा एकमेकींकडे पाठ करून खातो. एकट्या कांताबाईने मला विश्वासाने सांगितलं, तिलाही दिवस गेलेत.

यांचा मोडलेला हात अजून गळ्यातच आहे. माझं काम गेलं तर चूल कशी पेटेल, या भीतीने झोप लागत नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
प्रेमिला

काटोल
१५ जानेवारी १९७१

चि. सौ. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

वेडे, मी तोंडाला कुलूप लावलंय. तुझे भावजी विचारतात, एकटीच काहून हसून राहिली? पण आई असती तर जगाला कळायच्या आत तुला हिरवी चोरचोळी घातलीच असती. म्हणून मी शिवली आणि तिळगुळाच्या पुडक्यात लपवली. आपल्या गावची बायजाबाई संक्रांतीला आली होती, तिच्याच हाती दिली. तुमच्याच फाटकावर बायकांची झडती घेते ना ती? आपलं माणूस. नुसता तिळगूळ आहे, म्हणून सांगितलं. तिने पुडकं हातावर तोललं आणि हसली.

जिवाला जप. पत्राची वाट पाहणारी,
ताई

सक्करदरा, नागपूर
२० जानेवारी १९७१

ती. सौ. ताईस सा. न.

ताई, दुसऱ्यांची पुडकी सोडणं हेच बायजाबाईचं काम, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? सोमवारी तिने मला नुसता तिळगूळ दिला. झडती घेतलीच नाही. म्हणाली, जड उचलू नको वं पोरी.

काल मुकादमाने बोलावलं. टेबलावर हिरवी चोळी होती. मी माझी नाही म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, मग कोणाची ते सांग आणि कामाला लाग. गोपिकेचं नाव कसं बाहेर पडलं, ते मला तेव्हा समजलं.

मी कांताबाईचं नाव घेतलं.

आज तिच्या जागेवर दुसरी बाई आहे. माझे नऊ दिवस उरलेत. मुकादमाने चोळी मला परत दिली आणि शनिवारी पुढचं नाव घेऊन भेटायला सांगितलंय.

ती अंगाला लावू की नको, तेवढं कळव.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
प्रेमिला